जिंकूनही संघ खाली का घसरतो? कॉलेज फुटबॉलच्या कॉम्प्युटर क्रमवारीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि त्याच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं वेड पुण्यात घरच्यांनाही लागलं. एका शनिवारी संघ 24 गुणांनी जिंकला, पण रविवारी दोन कॉम्प्युटर क्रमवाऱ्यांत खाली गेला. तिसरीत मात्र होता तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात संघाला सुट्टी होती, तरी पुन्हा घसरला. ही चूक आहे, पक्षपात आहे, की गणितच असं आहे?

गणितच असं आहे, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन मांडून दाखवता येतं. मी वीसेक वर्षं दर हंगामात रविवारी सकाळी शनिवारचे निकाल भरून स्वतःची क्रमवारी काढतो. माझी नोकरी संख्याशास्त्राची आहे, पण या विषयातलं खरं शिक्षण मला त्या रविवारांनी दिलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अडचण समजून घेऊ. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी निदान एकदा खेळतो. तिथे गुणतक्ता पुरतो, बरोबरी झाली तर नेट रन रेट आहेच. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात 2024 साली 134 संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाला सामने मिळतात फक्त 12. 134 संघांच्या जोड्या होतात 8,911. त्यातल्या दहातल्या नऊ जोड्या एकमेकांसमोर येतच नाहीत. शिवाय प्रत्येक संघ बहुतेक सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या गटातच खेळतो. त्यामुळे 11 विजय आणि 1 पराभव हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

जत्रेतल्या कुस्त्या आठवा. एका पोराने रेवड्यांवरच्या आठ कुस्त्या मारल्या. दुसरा पैलवान शेवटच्या मानाच्या कुस्तीला उभा राहिला आणि हरला. आठ-शून्य आणि शून्य-एक एवढंच लिहून ठेवलं तर पोरगा मोठा पैलवान ठरेल. आखाड्याभोवती बसलेल्या कुणालाही हे पटणार नाही, कारण कोण कुणाशी लढला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कॉम्प्युटर क्रमवारीचं मूळ काम तेवढंच: कोण कुणाशी लढला, हे हिशेबात घ्यायचं. पण त्यात एक पेच आहे. प्रतिस्पर्धी किती तगडा हे ठरवायचं तर त्याचे प्रतिस्पर्धी किती तगडे हे माहीत हवं, त्यांच्यासाठी त्यांचे, आणि फिरून आपण परत आपल्याच संघापाशी येतो. हा पेच एकेक संघ घेऊन सुटत नाही. सगळ्यांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण वेस्ली कॉली यांच्या पद्धतीचं. कॉली हे खगोलभौतिकशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी सुरुवात केली लाप्लासच्या जुन्या सूत्रापासून: विजयांत 1 मिळवा, सामन्यांत 2 मिळवा आणि भागा. एकही सामना न खेळलेल्या संघाला 0.5 मिळतात, एक सामना जिंकलेल्याला 2/3, एक हरलेल्याला 1/3. एका विजयावर कुणी शंभर टक्के ठरत नाही, ही त्यातली समजूत मला फार आवडते. पुढची पायरी अशी. विजयांचा आकडा दोन भागांत लिहिता येतो: विजय वजा पराभव याचं अर्धं, अधिक सामन्यांच्या संख्येचं अर्धं. हा दुसरा भाग म्हणजे दर सामन्यामागे 0.5, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्धी सरासरीचा होता असं गृहीत धरणं. कॉलींनी त्या 0.5 च्या जागी प्रतिस्पर्ध्याचं खरं रेटिंग ठेवलं. पद्धत इथेच संपते.

चार संघ घेऊ. क ने ख ला हरवलं, ख ने ग ला हरवलं, घ ने ग ला हरवलं. क आणि घ दोघेही 1-0. समीकरणं सोडवली की क ला 0.661, घ ला 0.589, ख ला 0.482 आणि ग ला 0.268 मिळतात. दोघांचा एकेकच विजय, पण क ने ज्याला हरवलं त्याने स्वतः कुणाला तरी हरवलं आहे. घ ने हरवलेला ग आपले दोन्ही सामने हरला आहे. चौघांची सरासरी बरोबर 0.5 येते, एकाला जे मिळतं ते दुसऱ्याच्या वाट्यातून जातं.

आता सुट्टीच्या आठवड्यातली घसरण. समजा पुढच्या शनिवारी घ ने ख ला हरवलं. क घरी बसून होता. नवी उत्तरं: घ 0.672, क 0.639, ख 0.417, ग 0.272. क न खेळता 0.661 वरून 0.639 वर आला आणि घ त्याच्या पुढे गेला. क च्या खात्यात एकच विजय होता, तो ख वरचा, आणि ख ची किंमत उतरली. तुमच्या मुलाच्या संघाचं सुट्टीच्या आठवड्यात हेच झालं असणार. सप्टेंबरमध्ये ज्यांना हरवलं त्यांच्यातलं कुणीतरी त्या शनिवारी हरलं असेल. उलटही होतं. घरी बसलेला संघ वर सरकतो आणि त्याचे चाहते खूश होतात. तेव्हा मात्र मला कुणी प्रश्न विचारत नाही.

जिंकून घसरण्याचं गणित याहून रंजक आहे. कॉलींच्या समीकरणात एका विजयाची किंमत ठरलेली असते: हरलेल्या संघाचं रेटिंग अधिक 0.5. तुमचं आधीचं रेटिंग याहून कमी असेल तर विजयाने तुम्ही वर जाता. जास्त असेल तर तोच विजय तुम्हाला खाली ओढतो. समजा तुमचा संघ 0.93 वर आहे आणि त्याने 0.31 च्या लिंबूटिंबू संघाला हरवलं. त्या विजयाची किंमत 0.81, म्हणून तुम्ही खाली येता. गंमत अशी की हरलेला संघ तेवढ्यानेच थोडा वर जातो, कारण एवढ्या बलाढ्य संघाशी तो खेळला ही गोष्ट त्याच्या खात्यात जमा होते. ऐकायला विचित्र वाटतं, आणि माझ्या मते हा या पद्धतीचा खरा दोष आहे. सामना ठरवणारा अधिकारी वेगळा, खेळणारी मुलं वेगळी. समोर आलेल्याला हरवण्यापलीकडे त्या मुलांच्या हातात काही नव्हतं.

हा दोष सगळ्याच पद्धतींत नाही. पीटर वुल्फ हे पेशाने डॉक्टर. त्यांची क्रमवारी ब्रॅडली-टेरी या 1952 च्या प्रारूपावर उभी होती. तिथे प्रत्येक संघाला एक ताकद देतात. अ ची ब वर जिंकण्याची शक्यता म्हणजे अ ची ताकद भागिले दोघांची बेरीज. मग प्रत्यक्ष लागलेले निकाल ज्या ताकदींमुळे सर्वाधिक संभवनीय ठरतात त्या शोधायच्या. या पद्धतीत विजयाने संघाचं रेटिंग कधीच उतरत नाही. तिची अडचण दुसरी आहे: अपराजित संघाची ताकद अनंताकडे धावू लागते आणि तिला काहीतरी वेसण घालावी लागते. बुद्धिबळातलं एलो रेटिंगही त्याच घराण्यातलं. तिथेही साध्या रूपात जिंकलेल्याचे गुण वाढतातच, दुबळ्याला हरवलं तर अगदी नगण्य. तुमच्या तिसऱ्या यादीत संघ होता तिथेच राहिला, त्यामागे बहुधा अशीच पद्धत असावी.

आता 24 गुणांच्या फरकाबद्दल. केनेथ मॅसी यांनी 1997 च्या सुमाराला, पदवीचे विद्यार्थी असताना मांडलेली पद्धत फरकावर चालते. दोन संघांच्या रेटिंगमधला फरक म्हणजे त्यांच्या सामन्यातला गुणांचा अपेक्षित फरक, एवढीच अट. सगळ्या निकालांना ती एकदम पाळता येत नाही, म्हणून लीस्ट स्क्वेअर्स लावून सगळ्यात कमी चुकणारं उत्तर घ्यायचं. क ने ख ला 10 गुणांनी, ख ने ग ला 4 गुणांनी आणि ग ने क ला 2 गुणांनी हरवलं तर क ला 2.67, ग ला उणे 0.67 आणि ख ला उणे 2 मिळतात. ख ने ग ला हरवलं, तरी ख शेवटचा, कारण क कडून तो फार मोठ्या फरकाने हरला. अशा पद्धतीत 24 चा विजय चांगला की वाईट हे अपेक्षा किती होती त्यावर अवलंबून. समोरचा संघ दुबळा, सामना घरच्या मैदानावर आणि अपेक्षा 35 ची, तर 24 म्हणजे 11 गुणांचं अपयश. घरच्या मैदानाचा फायदा साधारण अडीच-तीन गुणांचा धरतात.

फरक धरावा की धरू नये, यावर या खेळात खूप भांडणं झाली आहेत. 1998 ते 2013 या काळात अजिंक्यपदाच्या सामन्यात कोणते दोन संघ खेळणार हे बीसीएस नावाची व्यवस्था ठरवत असे. पत्रकारांचं मतदान, प्रशिक्षकांचं मतदान आणि कॉम्प्युटर क्रमवाऱ्या यांचं ते मिश्रण होतं. 23 नोव्हेंबर 2001 ला नेब्रास्का कोलोरॅडोकडून 62–36 असा हरला. तो आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही नव्हता. तरी बीसीएसमध्ये तो दुसरा आला, कोलोरॅडोच्या पुढे फक्त 0.05 ने, आणि दोन्ही मतदानांत दुसरा असलेला ओरेगन चौथा राहिला. अजिंक्यपदाच्या सामन्यात मायामीने नेब्रास्काला 37–14 हरवलं. लोक खवळले. 2002 पासून बीसीएसच्या कॉम्प्युटर क्रमवाऱ्यांना विजयाचा फरक वापरायला बंदी आली.

माझ्या मते लोकांचा राग खरा होता, पण निदान चुकलं. माणसं नोव्हेंबरातला पराभव सप्टेंबरातल्या पराभवापेक्षा जड धरतात. बहुतेक कॉम्प्युटर पद्धती तारीख पाहत नाहीत. त्यांच्या लेखी बारापैकी एक पराभव म्हणजे एक पराभव. माणसाची आठवण आणि कॉम्प्युटरची वही यांच्यातली ही दरी फरकाला बंदी घालून बुजली नाही. बंदीचं दुसरं कारण मात्र मला पटतं. धावफलक फुगवल्याने क्रमवारी सुधारत असेल तर प्रशिक्षक 40 गुणांनी पुढे असतानाही मुख्य खेळाडूंना मैदानात ठेवतील, त्यात कुणाचा तरी गुडघा जाईल, आणि समोरच्या पोरांची विटंबना होईल ती वेगळीच. मात्र त्यासाठी फरक टाकून द्यायची गरज नाही. त्याला छत घालता येतं. मी स्वतः 24 गुणांपुढचा फरक मोजत नाही. जेफ सॅगरिन हे 1985 पासून एका राष्ट्रीय दैनिकात क्रमवारी देणारे जुने जाणते. त्यांनी बीसीएसला फक्त जय-पराजय पाहणारी आवृत्ती दिली आणि फरक पाहणारी आवृत्ती वेगळी प्रसिद्ध करत राहिले. पुढचा निकाल सांगायला फरकवालीच जास्त उपयोगी पडते, हे माझ्याही वह्यांमध्ये दर वर्षी दिसतं. संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी 2006 साली तर सरळ लिहिलं की संख्याशास्त्रज्ञांनी बीसीएसवर बहिष्कार टाकावा. माहिती वापरायची नाही आणि उत्तर मात्र आमच्या नावावर, हे त्यांना मान्य नव्हतं.

या सगळ्या वादाच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि यादी उघडण्याआधी तो स्वतःला विचारायला हवा. या क्रमवारीला सांगायचंय काय? आजवर कुणी जास्त कमावलं हे, की उद्या कोण जिंकेल हे? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

2023 चा हंगाम पाहा. फ्लोरिडा स्टेट 13-0, आपल्या कॉन्फरन्सचा विजेता. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. तेव्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, चार संघ घेत आणि ते निवडत 13 जणांची समिती. समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा निवडले. अलाबामाचा एक पराभव होता, तोही सप्टेंबरात घरच्या मैदानावर टेक्ससकडून 34–24 असा. अपराजित फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिला. कमाईच्या वहीत फ्लोरिडा स्टेटचा हक्क स्पष्ट होता. उद्याच्या अंदाजाच्या वहीत क्वार्टरबॅक नसलेला तो संघ अलाबामाच्या खाली होता. समितीने अंदाजाची वही उघडली. मला तो निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. तेरा शनिवार खेळून मिळवलेली गोष्ट एका अंदाजावर काढून घेऊ नये. त्यानंतर ऑरेंज बोल या हंगामअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांना 63–3 हरवलं, ते पाहून समिती बरोबर होती असं म्हणणारे बरेच भेटतात. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते.

आजच्या गाजलेल्या पद्धती बहुतेक अंदाजाच्या बाजूच्या आहेत. बिल कॉनेली यांची एसपी प्लस किंवा ईएसपीएनची एफपीआय अंतिम धावफलकावर थांबत नाहीत, मैदानावरचा एकेक प्रयत्न मोजतात. या खेळात दहा यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात. पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्यात 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण मिळाले तर तो प्रयत्न यशस्वी धरतात. अशा यशांचं प्रमाण दर आठवड्याला फारसं हलत नाही. हातातून निसटलेला चेंडू कुणाला सापडला हे मात्र निम्मं नशीब असतं, आणि अंतिम फरकात ते नशीब मिसळलेलं असतं. म्हणून यांच्यातही जिंकलेला संघ घसरू शकतो: धावफलकावर 24, पण त्यातले 14 गुण समोरच्यांच्या हातून सुटलेल्या चेंडूंवर मिळालेले. कमाईच्या बाजूला ईएसपीएनचंच दुसरं मोजमाप आहे, स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड. पहिल्या पंचविसातला एखादा सरासरी संघ याच वेळापत्रकातून गेला असता तर त्याला इतके किंवा याहून जास्त विजय मिळण्याची शक्यता किती, असं ते विचारतं. शक्यता जितकी कमी तितकी तुमची कामगिरी मोठी. मला हे मोजमाप फार न्यायाचं वाटतं.

पक्षपाताबद्दलही बोलायला हवं, कारण दक्षिणेकडच्या एसईसी कॉन्फरन्सला कॉम्प्युटर झुकतं माप देतात ही तक्रार नेहमीची आहे. कॉन्फरन्सच्या आतल्या सामन्यांत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो. आत कितीही खेळा, कॉन्फरन्सची सरासरी हलत नाही. ती ठरते बाहेरच्या सामन्यांत, आणि बाहेरचे सामने संघामागे तीन-चार, तेही बहुतेक सप्टेंबरात. म्हणजे पुढचे दोन महिने संपूर्ण कॉन्फरन्स त्या मोजक्या निकालांच्या पुंजीवर जगते. सप्टेंबरात तुमच्या मुलाच्या कॉन्फरन्समधले शेजारी बाहेर हरले असतील, तर त्यांना ऑक्टोबरात हरवून फारसं हाती लागत नाही. हा पक्षपात नाही, पण पुरावा फार थोडा आहे हे मान्य करावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला तर काही संघ निकालांच्या साखळीने एकमेकांशी जोडलेलेही नसतात. तेव्हा काही पद्धती गेल्या वर्षीची कामगिरी, टिकून राहिलेले खेळाडू, नव्या भरतीचा दर्जा यांचा आधार घेतात. कॉली यातलं काहीच घेत नाहीत.

आणि चुका होतात का? होतात, बहुतेक वेळा आकडे भरताना. डिसेंबर 2010 मध्ये बीसीएसच्या अंतिम यादीनंतर लक्षात आलं की कॉलींच्या माहितीत खालच्या विभागातला एक सामना, अ‍ॅपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय, राहून गेला होता. तो भरल्यावर दहाव्या आणि अकराव्या जागेवरचे एलएसयू आणि बॉइसी स्टेट यांची अदलाबदल झाली. दोघांपैकी कुणीही त्या सामन्याच्या जवळपास नव्हतं. ही चूक सापडली ती बाहेरच्या एका विश्लेषकाला, कारण सहा कॉम्प्युटर क्रमवाऱ्यांपैकी फक्त कॉलींनी आपली पद्धत पूर्ण उघड केली होती. बाकीच्या पाचांत अशी चूक असती तर बाहेरून ती शोधणं शक्यच नव्हतं. म्हणून मी उघड पद्धतीला, तिच्यात दोष असले तरी, जास्त मान देतो.

तुम्हाला आणि मुलाला एक काम सुचवतो. हंगामाचे सगळे निकाल एका स्प्रेडशीटमध्ये भरा. प्रत्येक संघाला सुरुवातीला 0.5 द्या. मग प्रत्येकासाठी 1 घ्या, त्यात विजय वजा पराभवाचं अर्धं मिळवा, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग मिळवा आणि सामन्यांच्या संख्येत 2 मिळवून त्याने भागा. आलेली उत्तरं पुन्हा आत घाला. पन्नासेक फेऱ्यांत तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत आकडे हलायचे थांबतात. मग संघाच्या प्रत्येक विजयासमोर हरलेल्याचं रेटिंग अधिक 0.5 लिहा आणि कोणता विजय वर नेतोय, कोणता खाली ओढतोय ते बघा. खालच्या विभागातल्या संघांना गाळू नका. 2007 साली याच अ‍ॅपलाचियन स्टेटने पाचव्या क्रमांकावरच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर 34–32 हरवलं होतं. खालच्या विभागातल्या सगळ्यांना मिळून एकच संघ धरलं तरी सुरुवातीला चालेल. आणि नावं भरताना जपा: मायामी नावाची दोन विद्यापीठं आहेत, एक फ्लोरिडात, एक ओहायोत. पहिल्या हंगामात माझ्याकडून दोघांचे निकाल एकाच ओळीत गेले होते आणि ते कळायला तीन आठवडे लागले.